मानसशास्त्रज्ञाला स्वतःचे मत असते का?

मागच्या उन्हाळ्यात तुळजापूरला शिक्षकांच्या एका शिबिरात जाण्याचा योग आला. मी विज्ञानाचा विद्यार्थी. प्रयोगशाळेत मज्जापेशींवर काम करतो. मला मेंदूविषयी तासभर बोलायचे होते. माझ्यानंतर एका मानसशास्त्रज्ञ बाईंचे सत्र होते. मधल्या सुटीत चहा घेताना एका शिक्षिकेने त्यांना विचारले, "मॅडम, आमच्याकडे नुसते बघून आमच्या मनात काय चाललेय ते तुम्हाला कळत असेल, नाही?" बाई हसून म्हणाल्या, "तसे कळत असते तर तुमच्या चहात साखर कमी पडलीय हे मी आधीच सांगितले असते!"

सत्र सुरू झाले आणि विषय शिक्षेवर आला. एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, "छडी दिसल्याशिवाय वर्ग चालत नाही. आम्हीही मार खाऊनच शिकलो." बाईंनी शांतपणे उत्तर दिले, "गुरुजी, मला हे पटत नाही. मुलांना मारणे चूक आहे असे माझे मत आहे. कायद्यालाही ते मान्य नाही." सभागृहात एकदम शांतता पसरली. गुरुजी दुखावले. म्हणाले, "तुम्ही मानसशास्त्रज्ञ ना? तुम्ही तरी समोरच्याला समजून घ्यायला हवे. तुम्हीच असे तोडून बोललात तर कसे व्हायचे?"

त्या दिवशी घरी परतताना हे दोन्ही प्रश्न माझ्या डोक्यात घोळत होते. एकाला वाटते, मानसशास्त्रज्ञ मनकवडा असतो. दुसऱ्याला वाटते, त्याने प्रत्येकाला समजून घ्यायचे आणि स्वतःचे मत म्हणून काही ठेवायचे नाही. वरवर पाहता हे दोन समज वेगळे दिसतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच कल्पना आहे: मानसशास्त्रज्ञ हा आपल्यासारखा माणूस नसून कुणी सिद्धपुरुष आहे. या कल्पनेपायी नुकसान होते ते मदतीची गरज असलेल्या माणसांचे. "तो आपल्या आतले सगळे ओळखेल" या भीतीने काही जण त्याच्याकडे जात नाहीत. काही जण जातात, पण "तो आपल्या बाजूने बोलला नाही" म्हणून दुसऱ्यांदा फिरकत नाहीत. शिक्षकाला तर समुपदेशकाचे काम रोजच थोडेफार करावे लागते. म्हणून या समजुती तपासून पाहू या.

कोण कोणाला म्हणायचे?

आधी नावांचा घोटाळा दूर करू. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो वैद्यकीय पदवी घेऊन पुढे मनोविकारांचे शिक्षण घेतो आणि औषधे देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्र शिकलेला असतो. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून, वर्तनातून उपचार करतो. त्याची नोंदणी १९९२च्या कायद्याखालील भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशक रोजच्या जगण्यातल्या अडचणींत मदत करतो. याखेरीज कितीतरी मानसशास्त्रज्ञ कधीच रुग्ण पाहत नाहीत. स्मरणशक्ती कशी चालते, मूल वाचायला कसे शिकते, गर्दीत माणूस कसा वागतो, अशा प्रश्नांवर ते प्रयोग करतात. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा उघडली, तेव्हापासून हे शास्त्र मोजमापाच्या वाटेने चालू लागले. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये त्याचा स्वतंत्र विभाग सुरू झाला.

मनातले ओळखता येते का?

चेहरा पाहून मन ओळखण्याचा सर्वात साधा प्रकार म्हणजे समोरचा खोटे बोलतो आहे का, हे ओळखणे. यावर शेकडो प्रयोग झाले आहेत. चार्ल्स बाँड आणि बेला डिपाउलो या संशोधकांनी २००६ मध्ये अशा अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. एकूण २४,००० हून अधिक लोकांनी दिलेल्या निवाड्यांचा हा हिशेब होता. उत्तर बरोबर येण्याचे सरासरी प्रमाण निघाले सुमारे ५४ टक्के. नाणे उडवून कौल घेतला तरी ५० टक्के उत्तरे बरोबर येतातच! ज्यांचा हा रोजचा व्यवसाय आहे असे लोकही सामान्यांपेक्षा फारसे सरस ठरले नाहीत.

आणखी एक उदाहरण पाहा. पॉल मील या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक लहानसे पुस्तक लिहिले. एखादी व्यक्ती पुढे कशी वागेल, याचा अंदाज अनुभवी तज्ज्ञ अधिक चांगला करतो की चार आकडे घातलेले साधे सूत्र, हा त्याचा प्रश्न होता. त्याने तपासलेल्या वीसेक अभ्यासांपैकी जवळजवळ सर्वांत सूत्र तज्ज्ञाच्या बरोबरीचे किंवा त्याहून सरस ठरले. ही गोष्ट एका मानसशास्त्रज्ञानेच शोधून काढली आणि आपल्या व्यवसायबंधूंपुढे मांडली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग मानसशास्त्रज्ञ करतो तरी काय? तो विचारतो, ऐकतो, चाचणी घेतो, नोंदी ठेवतो आणि आपला अंदाज चुकलेला असू शकतो हे धरून चालतो. "तुम्हाला राग आलाय" असे ठोकून देण्याऐवजी तो विचारतो, "तुम्हाला राग आला का? की वाईट वाटले?" समोरचा म्हणाला, "नाही हो, मला भीती वाटली," तर तो आपला अंदाज बदलतो. आपण विज्ञानाच्या तासाला गृहीतक मांडतो आणि ते पडताळून पाहतो, तोच हा प्रकार.

सहानुभूती आणि समानुभूती

आता गुरुजींच्या तक्रारीकडे वळू. "समजून घ्यायला हवे" असे आपण म्हणतो तेव्हा नेमके काय अपेक्षित असते? मराठीत आपण सरसकट 'सहानुभूती' म्हणतो. त्यात कीव, हळहळ, पाठिंबा असे बरेच काही मिसळलेले असते. एखाद्या पक्षाला माझी सहानुभूती आहे असे म्हटले की मी त्या पक्षाच्या बाजूचा आहे, असाच अर्थ होतो. मानसशास्त्रात जो शब्द वापरतात तो 'एम्पथी'. त्याला मराठीत समानुभूती किंवा परानुभूती म्हणतात. रॉबर्ट व्हिशर या जर्मन अभ्यासकाने १८७३ मध्ये चित्र-शिल्पे पाहताना होणाऱ्या अनुभवासाठी एक शब्द वापरला होता. त्याचा अर्थ 'आत शिरून अनुभवणे'. त्यावरून एडवर्ड टिचनर यांनी १९०९ मध्ये हा इंग्रजी शब्द घडवला. आपल्याकडच्या परकायाप्रवेशाच्या गोष्टींची इथे आठवण होते. पण एक महत्त्वाचा फरक आहे. समानुभूतीत आपण आपल्या देहातच राहतो आणि दुसऱ्याला काय वाटत असेल याचा माग काढतो.

हा फरक मेंदूच्या अभ्यासातही दिसतो. तानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये लंडनमध्ये १६ जोडप्यांवर एक प्रयोग केला. पत्नीच्या मेंदूचे चित्रण चालू असताना कधी तिच्या, तर कधी शेजारी बसलेल्या पतीच्या हाताला विजेचा हलका झटका दिला जाई. पतीला झटका बसत आहे हे कळले की पत्नीच्या मेंदूतील वेदनेच्या 'त्रासाशी' निगडित भाग जागे होत. पण हाताला नेमके कुठे आणि किती दुखले हे टिपणारे भाग तसे जागे होत नसत. म्हणजे दुसऱ्याचे दुःख आपल्यापर्यंत पोहोचते, पण ते अर्धेच. उरलेले विचारूनच कळू शकते.

समानुभूतीतही प्रकार आहेत. एक मूल रडू लागले की बालवाडीतली सगळी मुले रडू लागतात. ही भावनेची लागण. दुसऱ्याच्या जागेवरून गोष्ट कशी दिसते हे विचाराने जाणणे, हा दुसरा प्रकार. आणि त्याचे भले व्हावे असे मनापासून वाटणे, हा तिसरा. डॅनियल बॅटसन यांनी १९९७ मध्ये एका प्रयोगात विद्यार्थ्यांना आईवडील गमावलेल्या एका तरुणीची कहाणी ऐकवली. काहींना सांगितले, "तिला काय वाटत असेल याची कल्पना करा." काहींना सांगितले, "तुम्ही तिच्या जागी असता तर तुम्हाला काय वाटले असते याची कल्पना करा." दोन्ही गटांना तिच्याविषयी कळकळ वाटली. पण दुसऱ्या गटातील विद्यार्थी स्वतःच जास्त अस्वस्थ झाले. "मी तुझ्या जागी असतो तर..." असे म्हणताना आपले लक्ष नकळत स्वतःकडे वळते. बुडणाऱ्याला वाचवणाऱ्याने स्वतःच गटांगळ्या खाऊन चालत नाही. म्हणून मानसशास्त्रज्ञाला पहिला प्रकार आवरून दुसरा आणि तिसरा जोपासण्याचे शिक्षण दिले जाते.

समजणे आणि पटणे

समजणे म्हणजे पटणे नव्हे, याचे एक मराठी उदाहरण आपल्या समोर आहे. डॉ. मोहन आगाशे हे व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ. पुण्यात १९९१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेचे ते संचालक होते. पण घरोघरी त्यांना ओळखतात ते नट म्हणून. 'घाशीराम कोतवाल' हे नाटक १९७२ मध्ये रंगभूमीवर आले, त्यातला त्यांचा नाना फडणवीस गाजला. तो नाना रंगवायचा तर त्याच्या डोक्यात शिरावेच लागणार. त्याला काय हवे आहे, कशाची भीती आहे, हे कळल्याशिवाय ती भूमिका उभी राहणार नाही. पण म्हणून नटाला नानाचे वागणे मान्य आहे, असे कुणी प्रेक्षक म्हणत नाही. रंगभूमीवर आपल्याला जे सहज कळते, ते खुर्चीत बसलेल्या मानसशास्त्रज्ञाच्या बाबतीत आपण विसरतो.

कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने समानुभूतीला उपचारात मानाचे स्थान दिले. त्याने १९५७ मध्ये लिहिलेल्या एका लेखात मदत करणाऱ्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा केली. पहिली समानुभूती, दुसरी विनाअट आदर आणि तिसरी खरेपणा. पहिल्या दोन सर्वांच्या लक्षात राहतात, तिसरी राहत नाही. आत एक आणि चेहऱ्यावर दुसरे असे वागणारा माणूस मदत करू शकत नाही, असे रॉजर्सचे म्हणणे होते. म्हणजे ज्याला आपण सर्वात मृदू समजतो, त्यानेही मानसशास्त्रज्ञाला मते पुसून टाकायला सांगितलेले नाही.

दुसऱ्या टोकाला अल्बर्ट एलिस. तो समोरच्याच्या अविवेकी विचारांवर सरळ वाद घालत असे. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी त्याच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून त्याची पद्धत आत्मसात केली आणि आपल्याकडे रुजवली. १९६५ मध्ये अमेरिकेत एक चित्रपट निघाला. त्यात ग्लोरिया नावाची एकच स्त्री आधी रॉजर्स, मग फ्रिट्झ पर्ल्स आणि शेवटी एलिस यांच्याशी बोलते. तिघांच्या रीती इतक्या निराळ्या आहेत की मानसशास्त्रज्ञाचा एकच एक साचा असतो, हा समज तो पाहताच गळून पडतो. तरीही एका गोष्टीवर रॉजर्स आणि एलिस यांचे एकमत होते: माणसाच्या कृतीचे मूल्यमापन करा, त्या माणसाची किंमत ठरवू नका. "तू कॉपी केलीस हे चूक आहे" आणि "तू चोर आहेस" या दोन वाक्यांतले अंतर शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

शिबिरातल्या बाईंनी पुढे काय केले, तेही सांगतो. त्यांनी गुरुजींना विचारले, "तुमच्या वर्गात मुले किती?" गुरुजी सांगू लागले. दोन इयत्ता एका खोलीत, कारखाने सुरू झाले की ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर निघून जाणारी मुले, परत आली की सारे पहिल्यापासून. बाई बराच वेळ ऐकत होत्या. मध्ये एकदा म्हणाल्या, "म्हणजे दिवस संपता संपता हातातून सगळे निसटतेय असे वाटत असेल." गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हो, तसेच." बाईंनी आपले मत मागे घेतले नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्यातील कलम १७ शारीरिक शिक्षेला मनाई करते, हे त्यांनी पुन्हा सांगितले. गुरुजींचे मतही त्या दिवशी बदलले नाही. पण नंतरचा अर्धा तास दोघे वर्ग कसा सांभाळावा यावर बोलत होते. समजून घेणे आणि मत असणे एकाच माणसात, एकाच वेळी कसे नांदते, हे मी तिथे पाहिले.

मत कुठे मांडायचे?

मत असणे आणि ते कुठेही मांडणे यात मात्र फरक आहे, आणि तो या व्यवसायाने ठेच लागून शिकून घेतला आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत बॅरी गोल्डवॉटर राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने १२,३५६ मानसोपचारतज्ज्ञांना पत्रे पाठवून विचारले, हा गृहस्थ मानसिकदृष्ट्या या पदाला लायक आहे का? २,४१७ जणांनी उत्तरे दिली. त्यातील १,१८९ जणांनी त्यांना नालायक ठरवले. यांपैकी कुणी त्यांना तपासले नव्हते! गोल्डवॉटर यांनी बदनामीचा खटला भरला आणि तो जिंकला. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने नियम केला: ज्याला तपासले नाही, त्याच्या मनाविषयी व्यावसायिक निदान जाहीरपणे करू नये. नागरिक म्हणून मत देण्याला या नियमाने आडकाठी केली नाही. मताला निदानाचा वेश चढवण्याला केली.

त्याच १९७३ साली याच संघटनेने समलैंगिकतेला आपल्या विकारांच्या यादीतून काढले. तोवर समाजाचा पूर्वग्रह शास्त्राच्या नावाखाली यादीत ठाण मांडून बसला होता. म्हणून "मला पूर्वग्रह नाहीत" असे म्हणणाऱ्या तज्ज्ञापेक्षा "माझे पूर्वग्रह कोणते, ते मी तपासतो" असे म्हणणारा अधिक भरवशाचा. चांगले मानसशास्त्रज्ञ आपल्या कामाची चर्चा ज्येष्ठांशी करतात ती याचसाठी. गरज पडल्यास "माझ्यापेक्षा दुसरे कुणी तुम्हाला अधिक मदत करू शकेल" असेही सांगतात.

आपल्याच जिल्ह्यातील परिस्थिती घ्या. २०१५ मध्ये शासनाने यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शेतकऱ्यांसाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केले. शेतमालाचा भाव, कर्ज, पाणी यांविषयी मानसशास्त्रज्ञाची ठाम मते असू शकतात, असावीत. ती त्याने सभेत मांडावीत. पण समोर खचलेला शेतकरी बसला असेल तेव्हा ती वेळ शेतकऱ्याची असते. तिथे भाषण करणे म्हणजे त्याची वेळ स्वतःसाठी वापरणे. आणि "तुमचे दुःख केवळ तुमच्या विचारांत आहे" असे सांगणे तर आणखी चूक, कारण कर्ज खरे असते.

चांगुलपणा पुरत नाही

समानुभूती ही चांगली गोष्ट आहे, पण ती नेहमी न्यायाने वागतेच असे नाही. बॅटसन यांच्याच १९९५च्या एका प्रयोगात लोकांना एका आजारी मुलीविषयी सांगितले. उपचारासाठी ती प्रतीक्षायादीत होती आणि तिच्या पुढे तिच्याहून अधिक गरजू मुले होती. तिच्या भावनांची कल्पना करा असे ज्यांना सांगितले, त्यांच्यापैकी जवळजवळ तीनचतुर्थांश लोकांनी तिला यादीत वर आणायचे ठरवले. तटस्थपणे ऐकणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे एकतृतीयांश होते. जे मूल डोळ्यांपुढे आहे त्याच्याकडे मन ओढ घेते. यादीतली बाकीची मुले दिसत नाहीत. वर्गातही पुढच्या बाकावर रडणारे मूल दिसते, मागे गप्प बसलेले दिसत नाही.

हीच गोष्ट ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात घडली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि सुमारे ८,००० माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गेली. देशभर तो 'किल्लारीचा' किंवा 'लातूरचा' भूकंप म्हणून ओळखला गेला. आजच्या लोहारा तालुक्यातील सास्तूर आणि आसपासची उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेही तितकीच उद्ध्वस्त झाली होती, पण नावात ती आली नाहीत.

त्या भूकंपानंतर मनाच्या जखमांचा प्रश्न आपल्याकडे गांभीर्याने पुढे आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. ज्ञान प्रबोधिनी ही १९६२ मध्ये पुण्यात स्थापन झालेली संस्था. तिचे संस्थापक डॉ. वि. वि. पेंडसे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते. भूकंपानंतर या संस्थेने लोहारा तालुक्यातील हराळी येथे काम सुरू केले आणि तिथे निवासी शाळा उभी राहिली.

त्या काळी जगभर एक कल्पना प्रचलित होती: आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला एका बैठकीत सारे काही सविस्तर सांगायला लावावे, म्हणजे मन मोकळे होईल. कल्पना कळवळ्यातून आलेली होती. पण २००२ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा अशा एका बैठकीने पुढचा त्रास टळतो असे दिसले नाही. काहींना उलट अपायच झाला असावा, असे दिसले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११च्या मार्गदर्शिकेत वेगळा सल्ला आहे: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका. कळवळाही पडताळून पाहावा लागतो.

शिक्षकाच्या वाट्याला

समजा, नववीतली एक मुलगी तुम्हाला एकट्याला गाठून म्हणते, "सर, कुणाला सांगू नका. दिवाळीनंतर माझे लग्न आहे." आईबाप ऊसतोडीला जाणार. मुलगी घरी एकटी ठेवायची भीती, बरोबर न्यायचीही भीती. त्यांची अडचण समजून घेता येते. घेतलीच पाहिजे, नाही तर ते तुमच्याशी बोलणारच नाहीत. पण समजले म्हणून ते मान्य करायचे नाही. २००६च्या कायद्याने मुलीचे लग्नाचे वय १८ वर्षे आहे, आणि "हे लग्न होऊ नये असे मला वाटते" हे मत तुम्ही स्वच्छ शब्दांत सांगू शकता, सांगायला हवे.

इथे एक खबरदारी घ्यावी. "कुणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये. मानसशास्त्रज्ञही गुप्ततेला मर्यादा असतात हे सुरुवातीलाच सांगतो. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२च्या कायद्यानुसार ती कळवणे बंधनकारक आहे. "तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तर मी योग्य माणसाला सांगेन, पण तुला आधी सांगून" एवढे म्हणावे. मुलांसाठी १०९८ हा मदतीचा क्रमांक आहे. एखादा विद्यार्थी किंवा पालक जिवाचे बरेवाईट करण्याच्या गोष्टी करत असेल, तर त्याला तसे थेट आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, या भीतीला संशोधनात आधार सापडलेला नाही. त्याला एकटे सोडू नये. टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करता येते.

वर्गात करण्याजोगा एक खेळही सुचवतो. मूळ कल्पना रॉजर्सची. दोन विद्यार्थ्यांना विरुद्ध मते असलेला विषय द्या, उदाहरणार्थ शाळेत मोबाइल आणू द्यावा का? नियम एकच. आपले मत मांडण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, आणि तो "हो, मला हेच म्हणायचे होते" असे म्हणेपर्यंत पुढे जायचे नाही. वेळ दहा मिनिटे. बहुतेक मुलांना पहिल्या खेपेला हे जमत नाही. शिक्षकांनी आपसात करून पाहिले तर त्यांनाही कळेल की ते किती अवघड आहे.

शेवटी एक आठवण. १९९३ मध्ये मी सहावीत होतो. आमचे गाव वाचले होते, पण शाळेच्या भिंतीला बारीक तडे गेले होते आणि आम्ही मुले वर्गात बसायला तयार नव्हतो. इंजिनियर येऊन इमारत ठीक आहे असे सांगून गेले. आमचे गुरुजी आम्हाला म्हणाले, "इमारत मजबूत आहे, माझी खात्री आहे. पण तुम्हाला भीती वाटते, तीही खरी आहे." त्यांनी वर्ग लिंबाखाली भरवला. आठवड्याने फळा ओसरीत नेला. मग आम्ही दाराजवळ बसू लागलो, दार सताड उघडे ठेवून. दिवाळीच्या सुटीनंतर केव्हा आत जाऊन बसलो, ते आमचे आम्हालाच कळले नाही.

पुढे वाचनात आले की मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या एका लहान मुलाची भीती अशीच हळूहळू, ससा रोज थोडा जवळ आणत घालवली होती. गुरुजींनी हे वाचले असण्याचा संभव नाही. आपले मत त्यांनी पहिल्याच दिवशी आम्हाला सांगून टाकले होते, आणि तरी रोज ते आमच्याबरोबर लिंबाखाली बसत होते.